स्क्रॅच लॉटरीचं तिकीट निवडण्याआधी: उरलेल्या बक्षिसांचा हिशोब कसा करायचा

अमेरिकेत गॅस स्टेशनच्या गल्ल्याशेजारी प्लास्टिकच्या पारदर्शक खणांत स्क्रॅच तिकिटांच्या, म्हणजे वरचा थर खरवडला की बक्षीस लागलं का ते कळतं अशा तिकिटांच्या, पट्ट्या लावलेल्या असतात. बहुतेक गिऱ्हाईक रंग बघून, नाव बघून, नाहीतर ‘बारा नंबरच्या खणातलं द्या’ असं म्हणून तिकीट घेतं. पण शेजारशेजारच्या खणांतली दोन तिकिटं, दोन्ही दहा डॉलरची, दोन्हींचं पहिलं बक्षीस सारखं, तरीही एकावर ते बक्षीस लागण्याची शक्यता दुसऱ्याच्या चौपट असू शकते. हा फरक शोधायला कुठली गुप्त विद्या लागत नाही. राज्याच्या लॉटरीच्या संकेतस्थळावर एक तक्ता असतो, तो वाचता आला पाहिजे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. स्क्रॅच तिकीट हा सरासरीने आतबट्ट्याचाच व्यवहार आहे. खाली दिलेल्या हिशोबाने तोटा कमी होतो, त्याचा नफा होत नाही. ज्याला महिन्याला दहा-वीस डॉलरची गंमत करायची आहे त्याने ती डोळे उघडे ठेवून करावी, एवढ्यासाठी हा लेख आहे. घरभाड्याचे किंवा कर्जाच्या हप्त्याचे पैसे यात घालायचा विचार असेल, तर कुठलाही तक्ता उपयोगाचा नाही.

ही लॉटरी वेगळी का आहे

आपल्याकडे १९६९पासून चालत आलेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीत तिकिटं आधी विकली जातात आणि सोडत नंतर निघते. सोडत निघेपर्यंत प्रत्येक तिकिटाची किंमत सारखीच. स्क्रॅच तिकिटात उलटं आहे. कुठल्या तिकिटावर थराखाली काय आहे हे छापखान्यातच ठरलेलं असतं. १९७४ साली मॅसॅच्युसेट्स राज्याने असं पहिलं तिकीट विकायला काढलं. जॉन कोझा आणि डॅनियल बोवर यांच्या सायंटिफिक गेम्स या कंपनीने ते तयार केलं होतं. तेव्हापासून पद्धत हीच आहे: ठरावीक लाख तिकिटं छापायची, त्यांत ठरावीक बक्षिसं मिसळायची आणि सगळा माल दुकानांत पाठवायचा.

म्हणजे प्रत्येक खेळाचा साठा रोज आटत जातो. आज कुणीतरी पहिलं बक्षीस उचललं, तर उरलेल्या साऱ्या तिकिटांची किंमत त्या क्षणी घसरते. उलट साठा संपत आला आणि मोठी बक्षिसं अजून निघालीच नसतील, तर उरलेली तिकिटं आधीपेक्षा चांगली होतात. चांगलं तिकीट निवडायचं म्हणजे हा आटणारा साठा वाचायचा.

पहिली पायरी: मागची ओळ पूर्ण वाचा

तिकिटाच्या मागे बारीक अक्षरांत एक आकडा असतो. समजा ‘३.५ मध्ये १’. वाचणाऱ्याला वाटतं, साडेतीन तिकिटांमागे एकावर आपण जिंकणार. त्याच वाक्याचा पुढचा तुकडा फारसं कुणी वाचत नाही. टेक्सस लॉटरीच्या माहितीत तो स्वच्छ दिलेला असतो: यात फक्त तिकिटाची किंमत परत मिळणारी बक्षिसंही धरलेली आहेत. दहा डॉलरच्या तिकिटावर दहा डॉलर परत मिळणं याला जिंकणं म्हणायचं का, हे तुम्हीच ठरवा. मी म्हणत नाही.

ती बक्षिसं वजा करून बघा. या काल्पनिक खेळात दहा डॉलर परत मिळण्याची शक्यता ८ मध्ये १ आहे असं धरू. १ भागिले ३.५ म्हणजे सुमारे २८.६ टक्के. १ भागिले ८ म्हणजे १२.५ टक्के. वजाबाकी केली की उरतात सुमारे १६ टक्के, म्हणजेच साधारण ६.२ तिकिटांमागे एक. खरोखर चार पैसे जास्त हाती पडण्याची शक्यता एवढीच. दोन खेळांची तुलना करायची तर या उरलेल्या आकड्याची करावी, कारण ‘३.५ मध्ये १’ लिहिलेला खेळ किंमत परत देणारी बक्षिसं भरभरून टाकून आकर्षक केलेला असू शकतो आणि ‘४ मध्ये १’ लिहिलेला खेळ त्यापेक्षा बरा निघू शकतो.

दुसरी पायरी: किंमत ठरवा

साधारण नियम असा की तिकीट जितकं महाग तितका परतावा जास्त. एक डॉलरच्या तिकिटातून सगळे मिळून साधारण साठ टक्क्यांच्या आसपास रक्कम बक्षिसांत परत जाते. वीस-तीस डॉलरच्या तिकिटांत हे प्रमाण सत्तरीच्या पुढे असतं. राज्यागणिक आकडे बदलतात, दिशा मात्र बहुतेक ठिकाणी हीच. टेक्ससमध्ये तर २०२२च्या मे महिन्यात १०० डॉलरचं स्क्रॅच तिकीट आलं, ते अमेरिकेतलं या किमतीचं पहिलं.

यावरून ‘महाग तेच घ्या’ असा निष्कर्ष मी काढत नाही. महिन्याचे वीस डॉलर खर्च करायचे ठरलेलेच असतील, तर एक डॉलरची वीस तिकिटं घेण्यापेक्षा वीस डॉलरचं एक घेतलेलं टक्केवारीत बरं. साठ टक्के परताव्यावर सरासरी आठ डॉलर जातात, पंचाहत्तर टक्क्यांवर पाच. पण जो माणूस एक डॉलरचं एक तिकीट घेऊन समाधानी असायचा तो ‘परतावा जास्त आहे’ म्हणून वीस डॉलरकडे वळला, तर त्याचा सरासरी तोटा चाळीस सेंटवरून पाच डॉलरवर गेला. आधी रक्कम ठरवा, मग त्या रकमेत बसणारं सर्वांत महाग तिकीट बघा. क्रम उलटा झाला की खिसा लवकर रिकामा होतो.

आणखी एक खाच आहे. महाग तिकिटाच्या परताव्यातला बराच वाटा दोन-चार मोठ्या बक्षिसांत अडकलेला असतो. ती बक्षिसं लाखो तिकिटांत एखाद्यालाच मिळतात. बाकीच्यांच्या हाती येणारा परतावा त्यामुळे कागदावरच्या टक्केवारीपेक्षा बराच कमी असतो. मोठं बक्षीस लागणार नाही हे धरूनच चालायचं असेल, तर मधली बक्षिसं, म्हणजे पन्नास, शंभर, पाचशे डॉलरची, कुठल्या खेळात जास्त आहेत ते पाहावं.

तिसरी पायरी: उरलेली तिकिटं मोजा

हीच खरी कामाची पायरी, म्हणून इथे थोडं थांबू.

राज्याच्या लॉटरीच्या अधिकृत संकेतस्थळावर स्क्रॅच खेळांची यादी असते. प्रत्येक खेळाच्या पानावर बक्षिसांची रक्कम, एकूण किती छापली आणि किती दिली गेली किंवा किती उरली, असा तक्ता असतो. टेक्ससच्या पानावर एकूण अंदाजे किती तिकिटं छापली हेही असतं. कॅलिफोर्नियाच्या पानावर प्रत्येक रकमेपुढे तिची शक्यता आणि उरलेली संख्या असते. काही राज्यं फक्त मोठ्या बक्षिसांचीच माहिती देतात, तिथे हा हिशोब ढोबळच राहतो.

मोठी बक्षिसं किती उरली हे तक्ता सांगतो, पण किती तिकिटं उरली हे बहुधा सांगत नाही. ते आपण काढायचं. त्यासाठी सर्वांत लहान बक्षिसाकडे पाहा. लहान बक्षिसं लाखोंनी असतात, साऱ्या साठ्यात सारखी पसरलेली असतात आणि लोक ती त्याच दुकानात, अनेकदा त्याच दिवशी वटवतात. म्हणून लहान बक्षिसांपैकी जेवढे टक्के उरले, साधारण तेवढेच टक्के तिकिटं उरली असं धरता येतं.

तोच काल्पनिक दहा डॉलरचा खेळ घेऊ. दहा डॉलरची बक्षिसं एकूण ६,००,०००, उरली १,५०,०००. म्हणजे २५ टक्के माल शिल्लक. या बक्षिसाची शक्यता ८ मध्ये १ असल्याने एकूण तिकिटं ६,००,००० गुणिले ८, म्हणजे ४८,००,०००. त्याचे २५ टक्के म्हणजे १२,००,००० तिकिटं अजून बाजारात आहेत.

आता पहिलं बक्षीस, दहा लाख डॉलरचं. एकूण ८ होती, ४ उरली. सुरुवातीला शक्यता होती ६,००,००० मध्ये १. आज आहे ३,००,००० मध्ये १. माल पाऊण संपला आणि मोठी बक्षिसं मात्र निम्मीच गेली, म्हणून शक्यता दुप्पट झाली.

शेजारच्या खणातला दुसरा खेळ असाच, तितकीच तिकिटं, तितकाच माल शिल्लक, पण आठपैकी एकच पहिलं बक्षीस उरलेलं. तिथे शक्यता १२,००,००० मध्ये १. सुरुवातीला सांगितलेला चौपट फरक तो हा. दोन्ही तिकिटांच्या मागे छापलेला आकडा मात्र पहिल्या दिवशीचाच राहतो, कारण छापलेलं तिकीट बदलत नाही.

एवढं सगळं करायला वेळ नसेल तर एकच सोपी तुलना करा: मोठ्या बक्षिसांपैकी किती टक्के उरली आणि लहान बक्षिसांपैकी किती टक्के उरली. पहिला आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल तर खेळ विचारात घ्या, लहान असेल तर सोडून द्या.

हौस असेल तर एका तिकिटाची सरासरी किंमतही काढता येते. चांगल्या खेळात पहिल्या बक्षिसाचा वाटा आज १०,००,००० भागिले ३,००,०००, म्हणजे ३.३३ डॉलर. बाकी सगळ्या बक्षिसांचा मिळून वाटा ५.२० डॉलर धरू. बेरीज ८.५३ डॉलर. सुरुवातीला हाच आकडा ६.८७ होता. तिकीट दहाचं आहे, म्हणजे उत्तम निवडीनंतरही सरासरी दीड डॉलर जाणारच. त्यात पहिल्या बक्षिसावर कमाल दराने केंद्रीय कर धरला, तर ३.३३चे २.१० होतात आणि बेरीज ७.३० वर येते.

तक्ता कुठे फसवतो

उरलेलं बक्षीस म्हणजे न विकलेलं बक्षीस नव्हे. कुणीतरी तिकीट घेतलं, खरवडलं, दहा लाख निघाले आणि वकिलाशी बोलून मगच दावा करू म्हणून कपाटात ठेवलं, तर तक्त्यात ते उरलेलंच दिसतं. दावा करायला मुदत भरपूर असते. टेक्ससमध्ये तर खेळ बंद झाल्यानंतरही १८० दिवस. म्हणून एकच पहिलं बक्षीस उरलेल्या जुन्या खेळावर विसंबू नका, ते आधीच कुणाच्या तरी घरात असू शकतं. तीन-चार उरली असतील तर हा धोका बराच विभागला जातो.

तक्त्यावरची तारीखही पाहा. काही राज्यं रोज आकडे बदलतात, काही आठवड्याने.

तिसरी गोष्ट, दहा लाख डॉलर म्हणजे नेहमीच एकरकमी दहा लाख नसतात. काही खेळांत मोठं बक्षीस वर्षानुवर्षं हप्त्यांनी मिळतं आणि एकदम हवं असेल तर बरंच कमी. खेळाच्या नियमांत हे लिहिलेलं असतं. तुलना करताना एकरकमी आकडाच धरा.

जुना खेळ, नवा खेळ

नुकत्याच आलेल्या खेळात सगळी बक्षिसं जागेवर असतात, त्यामुळे मागचा छापील आकडा तिथे खरा असतो. ज्याला तक्ते वाचायचा कंटाळा आहे त्याच्यासाठी हा सर्वांत सुरक्षित पर्याय. याहून चांगलं तिकीट सापडेल ते अर्ध्याहून जास्त माल खपलेल्या, पण मोठी बक्षिसं टिकून राहिलेल्या खेळात.

पहिली बक्षिसं सगळी संपलेल्या खेळांपासून मात्र दूर राहा. ते बाजारातून लगेच उठत नाहीत. टेक्सस लॉटरीच्या संकेतस्थळावरच सूचना आहे की सगळी पहिली बक्षिसं गेल्यानंतरही खेळाची विक्री चालू राहू शकते. व्हर्जिनियात याच प्रश्नावर २००८ साली वॉशिंग्टन अँड ली विद्यापीठातले प्राध्यापक स्कॉट हूवर यांनी तिथल्या लॉटरीवर दावा लावला होता. तिकिटावर ७५,००० डॉलरचं बक्षीस ठळक छापलेलं, आणि ते विकलं जात असताना असं एकही बक्षीस शिल्लक नाही, हे त्यांना आढळलं होतं. मला त्यांचा मुद्दा शंभर टक्के पटतो. जे बक्षीस मिळूच शकत नाही त्याची जाहिरात करून पैसे घेणं चूकच आहे, मग विकणारं सरकार का असेना.

काउंटरवर

घरून निघतानाच दोन-तीन खेळांची नावं आणि गेम क्रमांक फोनमध्ये लिहून घ्या. सारख्या नावाचे, सारख्या रंगाचे खेळ पाठोपाठ येतात. नाव तेच असलं तरी साठा वेगळा असू शकतो, आणि तो ओळखायचा गेम क्रमांकावरून. हवा तो खेळ दुकानात नसेल तर दुसरं काहीतरी उचलू नका. सगळा हिशोब तिथेच वाया जातो.

तिकीट हातात आलं की प्रकाशात धरून खरवडायच्या थराकडे पाहा. सुईच्या टोकाएवढे ओरखडे किंवा टोचे दिसले तर ते परत करा आणि दुसरं मागा. काही बेइमान विक्रेते थर किंचित टोचून आतली खूण वाचतात, जिंकणारं तिकीट स्वतःकडे ठेवतात आणि बाकीचं गिऱ्हाइकाला देतात. असे प्रकार प्रत्यक्ष पकडले गेले आहेत.

‘या दुकानात खूप लोक जिंकतात’ ही पाटी पाहून जाऊ नका. जिथे तिकिटं जास्त खपतात तिथे बक्षिसंही जास्त निघतात, एवढाच त्याचा अर्थ. अख्खी गड्डी विकत घेण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. अनेक खेळांत प्रत्येक गड्डीत लहान बक्षिसांची किमान रक्कम ठरवून घातलेली असते हे खरं, त्यामुळे गड्डी घेतली की अगदीच हाती भोपळा येत नाही. पण ती किमान रक्कम गड्डीच्या किमतीपेक्षा बरीच कमी असते.

तिकीट नुसतं बघून ओळखता येतं का

एकदा ओळखता आलं होतं. कॅनडात टोरांटोला राहणारे मोहन श्रीवास्तव हे भूगर्भातल्या खनिजांचा अंदाज बांधणारे संख्याशास्त्रज्ञ. २००३ साली त्यांना भेट म्हणून मिळालेल्या स्क्रॅच तिकिटांपैकी एकावर तीन डॉलर निघाले. ते वटवायला जाताना त्यांच्या मनात आलं, की छापखान्यातलं यंत्र ही तिकिटं कुठल्या तरी नियमाने तयार करत असणार, आणि नियम असेल तर त्याचा माग लागला पाहिजे. तो तिथल्या ओंटारियो प्रांतातला फुली-गोळ्याचा खेळ होता. तिकिटावर आठ चौकटी आणि त्यांत एकूण ७२ आकडे उघडे छापलेले. खरवडायच्या थराखाली ‘तुमचे आकडे’. श्रीवास्तवांनी उघड्या आकड्यांतला कुठला आकडा तिकिटावर किती वेळा आला आहे ते मोजलं. जे आकडे एकदाच आले होते ते बहुतेक वेळा थराखालीही सापडत. असे तीन आकडे एका ओळीत आले, की तिकीट जवळपास नक्की जिंकणारं.

त्यांनी वीस तिकिटं न खरवडता जिंकणारी आणि हरणारी अशी वेगळी केली आणि कुरिअरने लॉटरीच्या अधिकाऱ्यांकडे पाठवून दिली. वीसपैकी एकोणीस बरोबर निघाली. तो खेळ बाजारातून काढून घेण्यात आला. या पद्धतीने पैसे कमावता आले असते का, तर हो. पण त्यांच्याच हिशोबाने दिवसाला साधारण ६०० डॉलर, आणि सल्लागार म्हणून ते तेवढे सहज मिळवत होते.

ही गोष्ट सांगून आज ‘गुप्त पद्धत’ विकणारे बरेच आहेत. त्यांच्या नादी लागू नका. ती एका खेळाच्या छपाईतली चूक होती. उघडे छापलेले आकडे आणि झाकलेलं बक्षीस यांचा संबंध राहून गेला होता, आणि ज्या तिकिटावर सगळं काही थराखालीच असतं तिथे मोजायला काही उरतच नाही.

लागलंच तर

सर्वांत आधी तिकिटाच्या मागे सही करा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा. सही नसलेलं तिकीट ज्याच्या हातात त्याचं. ओंटारियोत २००१ साली एका वयस्कर गिऱ्हाइकाचं अडीच लाख डॉलरचं तिकीट विक्रेत्यानेच लाटलं होतं. ते प्रकरण पुढे एवढं गाजलं की २००७मध्ये तिथल्या लोकपालांनी सगळ्या व्यवस्थेची चौकशी करून अहवाल काढला. म्हणून तिकीट दुकानदाराला तपासायला देण्याआधी लॉटरीच्या अधिकृत अॅपवर स्वतः स्कॅन करा.

न लागलेलं तिकीटही लगेच फेकू नका. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांत त्याचा क्रमांक नोंदवून दुसऱ्या संधीच्या सोडतीत भाग घेता येतो. त्याला वेगळे पैसे लागत नाहीत, आणि फारच थोडे लोक नोंदवतात.

कराचं गणित राज्यावर आणि करासाठी तुम्ही रहिवासी धरले जाता की अनिवासी यावर अवलंबून आहे. लागलेली रक्कम ५,००० डॉलरच्या वर गेली की २४ टक्के केंद्रीय कर कापूनच पैसे हाती येतात, आणि विवरणपत्र भरताना आणखी द्यावा लागू शकतो. टेक्सस आणि फ्लोरिडात राज्याचा आयकर नाही. कॅलिफोर्निया आपल्या लॉटरीच्या बक्षिसावर तो घेत नाही. विद्यार्थी व्हिसावरची मुलं पहिली काही वर्षं करासाठी अनिवासी धरली जातात आणि त्यांच्या बक्षिसातून ३० टक्के कापले जातात. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर स्थिरावलेले बहुतेक जण रहिवासी धरले जातात, त्यांना वरचा २४ टक्क्यांचा नियम. मोठी रक्कम असेल तर दावा करण्याआधी कर सल्लागाराला भेटा. हरलेल्या तिकिटांचा खर्च दाखवायचा असेल तर नोंदी हव्यात, आणि तो फार तर जिंकलेल्या रकमेतूनच वजा होतो.

भारतातल्या नातेवाइकांसाठी

अमेरिकेतलं तिकीट भारतात बसून घेण्याच्या भानगडीत पडू नका. लॉटरीच्या तिकिटांसाठी परदेशात पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत बंदी आहे.

आणि टपालाने घरी येणारं स्क्रॅच कार्ड हा या लेखातल्या लॉटरीशी काडीचाही संबंध नसलेला प्रकार आहे. एखाद्या नामांकित ऑनलाइन दुकानाचा लोगो, पाकिटावर तुमचं नाव-पत्ता बरोबर, कार्ड खरवडलं की चारचाकी लागलेली. मग फोन येतो: गाडीऐवजी रोख रक्कम घ्या, फक्त आधी जीएसटी आणि प्रक्रिया शुल्क भरा. एक हप्ता भरला की दुसरा मागतात. खरी लॉटरी कर बक्षिसातून कापते, जिंकणाऱ्याकडून आगाऊ मागत नाही. असं कार्ड आलं तर त्यावरच्या क्रमांकाला फोन करू नका, पैसे पाठवून झाले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि बँकेला त्याच वेळी कळवा. पाकीट, कार्ड आणि व्यवहाराचे संदेश जपून ठेवा, पोलीस ते मागतात.